घरच्या ध्वनिव्यवस्थेला सबवूफर जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आधीच ‘वूफर’ आहे. मग सबवूफर वेगळा कशासाठी?

हा गोंधळ शब्दामुळे होतो. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात ‘वूफर’ मागितला, तर एक दुकानदार नुसता स्पीकरचा आठ इंची कोन काढून देतो, दुसरा रिमोटसह अख्खा होम थिएटर संच दाखवतो आणि तिसरा आपल्याला खरोखर हवी असलेली पेटी पुढे करतो. तिघेही आपापल्या परीने बरोबरच असतात. येथे सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचा आवाज देणारी स्वतंत्र पेटी, एवढाच अर्थ धरला आहे. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) ध्वनी ऐकू येतात आणि त्यांपैकी अगदी तळचा, म्हणजे सुमारे २० ते १२० हर्ट्झचा पट्टा सबवूफरच्या वाट्याला येतो. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो आणि चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. शेल्फवर मावणाऱ्या, चार-पाच इंची कोनाच्या स्पीकरचा आवाज तिथवर पोहोचण्याआधीच विरलेला असतो.

आपला सबवूफर ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह, हे कसे ओळखावे?

पेटीची पाठ पाहावी. विजेची वायर, चालू-बंद करण्याचे बटण आणि दोन-तीन नॉब दिसले, तर आत ॲम्प्लिफायर आहे आणि सबवूफर ॲक्टिव्ह आहे. फक्त स्पीकरची तार लावण्याची दोन टर्मिनले दिसली, तर तो पॅसिव्ह आहे आणि बाहेरून ताकद मिळाल्याशिवाय तो बोलणार नाही. पुढील बहुतेक उत्तरे ॲक्टिव्ह सबवूफर गृहीत धरून दिली आहेत, कारण वेगळा विकत मिळणारा सबवूफर हल्ली बहुधा ॲक्टिव्हच असतो.

रिसीव्हरला ‘सब आउट’ आहे. जोडणी कशी करावी?

रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि इतर साधनांचा आवाज घेऊन सर्व स्पीकर चालवणारा होम थिएटरचा ॲम्प्लिफायर. ‘सब आउट’ असणे ही सर्वांत सोपी स्थिती आहे. रिसीव्हर आणि सबवूफर या दोहोंचे प्लग काढून ठेवावेत. रिसीव्हरच्या मागील ‘सब आउट’ किंवा ‘सब प्री-आउट’ लिहिलेल्या छिद्रातून एकच आरसीए केबल (मध्ये एक पिन असलेल्या गोल टोकाची) निघते आणि ती सबवूफरच्या ‘एलएफई’, म्हणजे केवळ खर्जाच्या संकेतासाठी असलेल्या, छिद्रात जाते. तसे छिद्र नसेल, तर डाव्या-उजव्या ‘लाइन इन’ छिद्रांपैकी निर्मात्याने माहितीपुस्तिकेत सांगितलेले एक वापरावे. ते बहुधा डावे असते. केबल शेवटपर्यंत घट्ट बसली आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे, कारण अर्धवट बसलेली आरसीए पिन हे घूं-घूं आवाजाचे सर्वांत साधे आणि सर्वांत शेवटी सुचणारे कारण असते. त्यानंतर रिसीव्हरच्या मेनूमध्ये जाऊन सबवूफर ‘आहे’ असे नोंदवावे लागते. ही नोंद राहून गेली, तर जोडणी निर्दोष असूनही पेटी मुकीच राहते आणि दोष उगाच केबलवर येतो.

केबल चांगल्या जाळीच्या आवरणाची असावी, एवढे पुरे आहे. पाच मीटर लांबी सामान्य दिवाणखान्यात पुरते. सोन्याचा मुलामा, बाणाची खूण आणि ऑक्सिजनमुक्त तांबे यांसाठी चौपट पैसे मोजण्याचे कारण आम्हाला तरी आजवर सापडलेले नाही.

एका केबलच्या दोन करणारी वाय केबल लावावी का?

एलएफई छिद्र असल्यास तिची गरज नाही. ते नसेल आणि सबवूफर डाव्या-उजव्या दोन्ही छिद्रांतील संकेत एकत्र करत असेल, तर वाय केबलने आवाजाची पातळी वाढते. परंतु तेवढीच वाढ गेनचा, म्हणजे सबवूफरवरील आवाजाच्या पातळीचा, नॉब किंचित फिरवूनही मिळते.

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला ‘सब आउट’ नाही. तो बदलावा लागेल का?

बहुधा नाही. अनेक घरांत वडिलांच्या वा आजोबांच्या काळातील दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर अजूनही उत्तम चालतो आणि केवळ एका छिद्रासाठी तो मोडीत काढणे शहाणपणाचे नाही. प्रथम त्याच्या मागे ‘प्री-आउट’ लिहिलेली जोडी आहे का, ते पाहावे. असल्यास तेथून दोन आरसीए केबल सबवूफरच्या डाव्या-उजव्या छिद्रांत न्याव्यात. याच्याशी साम्य असणारी ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ ही जोडी मात्र वापरू नये. तिच्यातून येणारा संकेत आवाजाच्या नॉबच्या आधीच बाहेर पडलेला असतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरचा आवाज कितीही कमी केला, तरी सबवूफर आपल्याच पातळीवर दणदणत राहतो.

प्री-आउटही नसेल, तर सबवूफरच्या मागील ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ टर्मिनलांचा उपयोग करावा. ॲम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलांना आपले स्पीकर लावलेले आहेत, त्याच टर्मिनलांपासून आणखी एक तारजोडी काढून ती सबवूफरच्या या टर्मिनलांना जोडायची असते. स्पीकर जसे होते तसेच राहतात. लाल तार लालला आणि काळी काळीला, डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे, हा क्रम चुकू देऊ नये. यामुळे ॲम्प्लिफायरवर भार वाढेल, अशी भीती अनेक जण व्यक्त करतात. परंतु या टर्मिनलांचा अवरोध हजारो ओहम इतका मोठा असल्याने तेथून नगण्य वीज ओढली जाते. त्याच कारणाने येथे जाड तारेचीही गरज नसते.

येथे दोन इशारे द्यावेच लागतील. ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलांतील तार सबवूफरच्या आरसीए छिद्रात कोणत्याही जुगाडाने खुपसू नये. ते छिद्र एवढा दाब सोसण्यासाठी केलेलेच नसते. दुसरे असे, की काही आधुनिक क्लास-डी आणि ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरांत काळे टर्मिनल हे शून्य पातळीचे नसून त्यातही संकेत असतो. अशा यंत्राची दोन्ही काळी टर्मिनले सबवूफरमार्फत एकमेकांना जोडली गेली, तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून अशा जोडणीपूर्वी दोन्ही माहितीपुस्तिका वाचणे आवश्यक आहे.

पॅसिव्ह सबवूफर थेट रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलांना लावला तर चालेल का?

तसे करू नये. चार ओहमचा सबवूफर आधीच्या स्पीकरला समांतर लावला, तर ॲम्प्लिफायरवरील भार दुपटीहून अधिक होतो, तो तापतो आणि संरक्षक सर्किट असल्यास बंद पडतो. शिवाय खर्ज गाळून देणारे कोणतेही साधन मध्ये नसल्याने त्या पेटीतून गायकाचा गळाही ऐकू येऊ लागतो. ‘सब आउट’मधून निघालेली आरसीए केबल एका स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायरला द्यावी आणि त्याच्यावर सबवूफर चालवावा. हा खर्च हिशेबात धरला, तर फुकट मिळालेला पॅसिव्ह सबवूफरही स्वस्त राहत नाही.

साउंडबारला बाहेरचा सबवूफर जोडता येतो का?

साउंडबारला ‘सब आउट’ छिद्र असेल तरच. बिनतारी सबवूफरसह येणारे बहुतेक साउंडबार फक्त आपल्या जोडीदारालाच ओळखतात, दुसऱ्या कंपनीच्या पेटीला नाही. बिनतारी म्हटले, तरी त्या पेटीला विजेचा प्लग लागतोच.

क्रॉसओव्हर कितीवर ठेवावा?

क्रॉसओव्हर म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातील कामाची वाटणी ज्या वारंवारतेवर होते, ती सीमा होय. चित्रपटाच्या ध्वनीसाठीच्या टीएचएक्स या मानकाने ८० हर्ट्झ ही सीमा स्वीकारलेली आहे आणि सुरुवात तेथूनच करावी. त्यामागचे कारण व्यवहाराचे आहे. इतक्या खालचा आवाज खोलीच्या कोणत्या दिशेने येतो, हे कानाला सहसा उमगत नाही. त्यामुळे सबवूफर सोफ्याच्या शेजारी असला, तरी ढोल पडद्यावरच वाजतो असे वाटते. सीमा १५० हर्ट्झपर्यंत वर नेली, की हा आभास मोडतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणून बातम्या सांगणारा निवेदक अर्धा टीव्हीतून आणि अर्धा कोपऱ्यातून बोलू लागतो. तळहाताएवढ्या सॅटेलाइट स्पीकरांना मात्र १२० किंवा क्वचित १५० हर्ट्झवाचून गत्यंतर नसते, आणि ती तडजोड मान्य करून सबवूफर पुढच्या स्पीकरांजवळ ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही सीमा एकाच ठिकाणी आखली जावी. रिसीव्हर क्रॉसओव्हर सांभाळत असेल, तर सबवूफरवरील क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवावा किंवा ‘एलएफई’ अथवा ‘बायपास’ हा पर्याय निवडावा. रिसीव्हरमध्ये ८० आणि सबवूफरवरही ८० असे ठेवले, तर संकेत दोनदा गाळला जातो आणि नेमका सीमेवरचा आवाज खचतो. नव्या सबवूफरचा खर्ज पोकळ वाटतो, अशी तक्रार आली, की आम्ही प्रथम हा नॉब पाहतो आणि बहुतेक वेळा तेथेच थांबतो. याउलट स्टिरिओ ॲम्प्लिफायरवर हाय लेव्हल जोडणी केली असेल, तर गाळणी सबवूफरचीच असते. तेव्हा तो नॉब मुख्य स्पीकरांचा आवाज जिथे विरू लागतो, तेथे, म्हणजे बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान, कानाने ठरवावा लागतो.

रिसीव्हरने माझे मोठे स्पीकर ‘स्मॉल’ दाखवले. ही चूक आहे का?

हा स्पीकरचा अपमान नाही. ‘स्मॉल’ याचा अर्थ इतकाच, की या स्पीकरकडील खर्ज सबवूफरकडे वळवावा. तसे केल्याने मुख्य स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांच्यावरील ताण कमी होतो. तोच खर्ज मुख्य स्पीकर आणि सबवूफर या दोहोंकडे पाठवणारा ‘डबल बेस’ नावाचा पर्याय दिसल्यास तो बंद ठेवावा.

सबवूफर खोलीत कोठे ठेवावा?

मोकळी जागा जिथे असेल तिथे, हे उत्तर घरोघरी मान्य झालेले असले, तरी आवाजाच्या दृष्टीने सर्वाधिक फरक याच निर्णयाने पडतो. ८० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर सुमारे ४.३ मीटर लांब असते आणि ४० हर्ट्झची तिच्या दुप्पट. म्हणजे ती आपल्या दिवाणखान्यात मावतच नाही. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या या लहरी काही जागी एकमेकींत मिसळून आवाज फुगवतात, तर काही जागी एकमेकींना पुसून टाकतात. बारा फूट रुंद खोलीत हा प्रकार सुमारे ४७ हर्ट्झला आणि पंधरा फूट लांबीच्या दिशेने सुमारे ३७ हर्ट्झला सुरू होतो. म्हणूनच एकाच घरात सोफ्यावर बसलेल्याला खर्ज ऐकू येत नाही आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेल्याला तो असह्य होतो.

उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. सबवूफर तात्पुरता उचलून आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचा भरपूर वावर असलेले परिचित संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगत, कान पेटीच्या उंचीवर ठेवून ऐकत जावे. ज्या जागी खर्ज भरीव आणि सारखा लागतो, म्हणजे एखादाच सूर ढोलीसारखा घुमत नाही, तेथे सबवूफर ठेवावा. हे करताना घरातील मंडळी हसतात, त्याला इलाज नाही. कोपऱ्यात आवाज सर्वाधिक मोठा होतो, परंतु मोठा आणि चांगला यांत गफलत करू नये. जागा बदलणे अशक्य असेल, तर निदान बसण्याची खुर्ची दोन फूट पुढे घेऊन पाहावी. मागच्या भिंतीला टेकून किंवा खोलीच्या बरोबर मध्यावर बसणे टाळावे.

महाल भागातील जुन्या वाड्यांच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असते आणि ती सबवूफरबरोबर स्वतःही वाजू लागते. तेथे पेटीखाली दाट रबराचा किंवा फोमचा थर द्यावा. मनीषनगर, बेसा येथील फ्लॅटांच्या काँक्रीट स्लॅबवर हा त्रास तुलनेने कमी असतो.

उन्हाळ्याबद्दलही एक शंका विचारली जाते. ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आणि ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. फरक साडेतीन टक्क्यांचाच असल्याने नागपूरच्या मे महिन्यातही पेटी हलवण्याची आवश्यकता नाही.

फेजचा खटका ० वर असावा की १८० वर?

हा खटका सबवूफरची लहर सरळ (०) किंवा उलटी (१८०) करतो. जिथे खर्ज अधिक भरीव ऐकू येतो, तिथे तो ठेवावा. मुख्य स्पीकर आणि सबवूफर एकाच वेळी चालू ठेवून नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्या व्यक्तीला खटका बदलायला सांगावे. स्वतः उठून बदलल्यास परत येईपर्यंत पहिला आवाज कान विसरलेला असतो. काहीच फरक वाटला नाही, तर ० वर ठेवून विषय संपवावा.

रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने मोजणी केली, तरी आवाज विचित्र वाटतो. असे का?

विदर्भात याचे पहिले कारण कूलर असते. खसाच्या ताट्या लावलेला, खिडकीत बसवलेला मोठा डेझर्ट कूलर जेव्हा घरघरत असतो, तेव्हा त्याच्या पंख्याचा आणि पत्र्याच्या कंपनाचा आवाज नेमका खालच्या पट्ट्यातच असतो आणि मायक्रोफोनला तो सबवूफरपासून वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून मोजणी पहाटे किंवा रात्री रहदारी थंडावल्यावर, कूलर, पंखे आणि शक्य असल्यास फ्रीजही थोडा वेळ बंद करून करावी. मायक्रोफोन हातात धरू नये वा सोफ्यावर टाकू नये. कॅमेऱ्याच्या तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर तो उभा करावा. मोजणीपूर्वी सबवूफरचा गेन मध्याच्या आसपास ठेवावा. मोजणीनंतर रिसीव्हरने सबवूफरची पातळी शून्यापासून फार खाली, अगदी तळाला नेलेली दिसली, तर गेन कमी करून पुन्हा मोजावे.

मोजणीनंतर सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त दाखवले जाते आणि अनेक जण टेपने मोजून ते ‘दुरुस्त’ करतात. तसे करू नये. सबवूफरच्या आतील सर्किटमुळे आवाजाला होणारा विलंब रिसीव्हर अंतराच्या रूपात मांडत असतो.

सबवूफर जोडल्यापासून सतत घूं असा आवाज येतो. काय करावे?

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ५० किंवा १०० हर्ट्झ हा सबवूफरच्या कामाचा पट्टा आहे; त्यामुळे इतर स्पीकर जी घरघर गिळून टाकतात, ती सबवूफर इमानदारीने ऐकवतो. शोध क्रमाने घ्यावा. प्रथम आरसीए केबल सबवूफरच्या बाजूने काढावी. तरीही घूं चालूच राहिली, तर दोष सबवूफरच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. ती थांबली, तर केबल बदलून पाहावी आणि ती विजेच्या वायरींना समांतर लोळत असल्यास वेगळी करावी. त्यानंतर रिसीव्हर, टीव्ही आणि सबवूफर हे तिन्ही भिंतीवरच्या एकाच पॉइंटवरून चालवून पाहावेत. सबवूफरची भूक मोठी नसते आणि सहा अँपिअरचा साधा पॉइंट त्याला पुरतो. वेगवेगळ्या पॉइंटांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला, की तो भरून काढणारी वीज केबलच्या जाळीतून वाहते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

तरीही उलगडा झाला नाही, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची किंवा छत्रीची जाड तार काढून पाहावी. आमच्या स्वतःच्या घरी एक अख्खा रविवार तीन केबल आणि दोन एक्स्टेंशन बोर्ड बदलण्यात गेला आणि संध्याकाळी ही तार सहज हाताने निघाली, तेव्हा खोली एकदम शांत झाली. अशा वेळी त्या तारेवर आयसोलेटर, म्हणजे संकेत जाऊ देऊन ग्राउंड लूप तोडणारे छोटे साधन, बसवावा.

प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही कारागीर देतात आणि त्याने घूं थांबतेही. पण यंत्रात बिघाड झाल्यास विजेला जमिनीत जाण्याचा मार्ग उरत नाही आणि तो माणसाच्या शरीरातून जातो. हा सल्ला कधीही मानू नये. उलट, घराचे अर्थिंग एकदा तपासून घ्यावे. आपल्या भागातील काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओलावा गेला, की त्याचा अवरोध वाढतो. मार्च ते जून या काळात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच योग्य आहे.

इन्व्हर्टरवर सबवूफर चालवावा का?

स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर चालवू नये. घरघर वाढते आणि आतील ट्रान्सफॉर्मर तापतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हरकत नाही. परदेशातून आणलेल्या पेटीच्या मागे ११५ आणि २३० असा खटका असेल, तर प्लग लावण्यापूर्वीच तो २३० वर असल्याची खात्री करावी. मे अखेरीस आणि जूनमध्ये विजांचा कडकडाट सुरू झाला, की नुसते बटण बंद करून भागत नाही. सबवूफरचा प्लग आणि सेट-टॉप बॉक्सची तार, दोन्ही काढून ठेवावीत.

मंद आवाजात सबवूफर मध्येच झोपी का जातो?

‘ऑटो’ स्थितीत सबवूफर संकेताची वाट पाहतो आणि तो क्षीण असेल तर जागा होत नाही. सबवूफरचा गेन थोडा कमी करून रिसीव्हरमधील सबवूफरची पातळी तेवढीच वाढवावी, म्हणजे केबलमधून जाणारा संकेत बळकट होतो. तेही जमले नाही, तर खटका ‘ऑन’वर ठेवावा.

कूलरच्या हवेने सबवूफर खराब होतो का?

कूलरच्या थेट झोतात पेटी ठेवली, तर होतो. चार महिने दमट हवा खाऊन कागदी कोन सैल पडतो, फोमची कडा लवकर कुजते आणि एमडीएफची पेटी तळाशी फुगते. पेटीच्या मागे ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हवा मिळेल, अशी वीतभर जागा सोडावी आणि दुपारचे ऊन तिच्यावर येऊ देऊ नये.

आवाज लहान असूनही खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६ या वेळेत, ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु हे मोजमाप ‘ए’ भारांकनाने होते आणि त्या पद्धतीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मोबाइलवरील मापक अनुकूल आकडा दाखवत असताना खालच्या घरातील भांडी खरोखरच थरथरत असू शकतात. शेजारी खोटे बोलत नसतो. खर्जाची लांब लहर भिंतीला आणि स्लॅबला जुमानत नाही, म्हणून भिंतीवर लावलेल्या पातळ फोमच्या चौकटींचा येथे काही उपयोग होत नाही. पेटीखालचा रबराचा थर स्लॅबमध्ये उतरणारे कंपन काही प्रमाणात कमी करतो. रिसीव्हरमध्ये मोठ्या आणि लहान आवाजांतील तफावत कमी करणारा ‘नाइट मोड’ असेल, तर तो रात्री दहानंतर वापरावा आणि सबवूफरची पातळी चार-पाच डेसिबलने खाली आणावी. ती नेमकी किती असावी, हे ठरवण्यासाठी चित्रपट चालू ठेवून, शेजाऱ्यांच्या परवानगीने, पाच मिनिटे त्यांच्या दिवाणखान्यात बसून यावे.